हरवलेलं सगळं माझ्याकडे येतं

मी एक जुनी जाळी आहे. पत्र्याची, दोन हात लांब, हातभर रुंद आणि अंगभर भोकं. नाक मुरडू नका, मित्रांनो! पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका अंतराळ स्थानकाच्या प्रयोगशाळेत मी गेली सतरा वर्षं भिंतीवर बसलेली आहे, आणि या सतरा वर्षांत इथे जे जे हरवलं, ते ते शेवटी माझ्याच अंगावर येऊन टेकलं आहे.

त्याचं असं आहे. आमच्याकडे हातातून सुटलेली वस्तू खाली पडत नाही. ती तरंगत राहते. माझ्या पाठीमागे एक मोठा पंखा आहे. तो खोलीतली हवा माझ्यातून ओढतो, गाळतो आणि दुसऱ्या टोकाला सोडतो. तो थांबला तर माणसानं सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहील आणि तासाभरात डोकं ठणकायला लागेल. म्हणून तो दिवसरात्र घूं घूं करत असतो. आणि हवेबरोबर सुटलेली वस्तूही रमतगमत माझ्याकडे येते. कुणाचा चमचा, कुणाचा मोजा, बेदाणा, नखाचा तुकडा. एकदा चष्म्याचा एवढासा स्क्रू एकोणीस दिवसांनी आला, तेव्हा त्या चष्मेवाल्यानं चक्क माझा मुका घेतला होता!

माझा जन्म मात्र जमिनीवरचा. एका कारखान्यात झिनाइदा नावाच्या बाईनं माझ्या एकेका भोकाची कड कानशीनं घासली आणि प्रत्येक भोकावरून स्वतःची करंगळी फिरवून पाहिली. शेजारच्या टेबलावरची तिला म्हणाली, "अगं, जाळीच तर आहे! अंगठी घडवल्यासारखी काय बसलीयस?" झिनाइदानं मानसुद्धा वर केली नाही. "वर कुणाचं बोट कापलं तर? तिथं रक्ताचा थेंबसुद्धा खाली पडत नाही म्हणे," ती म्हणाली. तिचं तोंड मला नीट आठवत नाही, पण ती करंगळी आठवते.

मग रॉकेट, धडधड, चार बोल्ट, आणि मी इथे. सुरुवातीच्या वर्षांत माझा काय थाट होता! सकाळी उठलं की चहाच्या आधी माणसं माझ्यापाशी यायची. "आज काय आलंय बघू," असं म्हणत प्रत्येकजण माझ्यावर नजर टाकून जायचा. पुढेपुढे माणसं बदलली, कामं वाढली, आणि माझ्याकडे येणं हे शनिवारपुरतं उरलं. शनिवारी साफसफाई. आमची धूळ म्हणजे दुसरं काही नाही, माणसांचीच कातडी, केस आणि कपड्यांचे धागे. ती सगळी माझ्यावर गोधडीसारखी बसते. शनिवारी कुणीतरी धूळ ओढायच्या यंत्राची नळी घेऊन येतं, ती गोधडी काढतं आणि भिंतीवरच्या यादीत खूण करतं. एवढाच काय तो माझा मान. तरी मी सुखात होते, खोटं कशाला बोलू?

आता तुम्हाला माझ्या माणसांची ओळख करून देते. स्थानकावर माणसं सहा, पण प्रयोगशाळेत काम तिघांचं.

पहिला आमचा कमांडर, रोदिऑन येफिमोविच. त्याला सगळे नुसतं येफिमिच म्हणतात. वय चोपन्न, मिशा करड्या, आणि अंगात कायम एक राखाडी लोकरीची बिनबाह्यांची बंडी. ती त्याच्या आईनं विणलेली. इथे कपडे धुता येत नाहीत, मित्रांनो. पाणी कुठलं एवढं? घालायचे, मळले की कचऱ्याच्या पिशवीत टाकायचे. ती पिशवी कचऱ्याच्या यानात जाते आणि ते यान परतीच्या वाटेवर हवेत जळून खाक होतं. येफिमिचची बंडी मात्र सहा महिने होत आले तरी अंगावरच होती.

दुसरा वेंडेल, नेब्रास्काच्या मक्याच्या मुलखातला. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून रोज दोन तास पट्ट्यांनी बांधून घेऊन धावायचा, तपासणीसाठी स्वतःच स्वतःचं रक्त काढून गोठवून ठेवायचा, आणि उरलेल्या वेळात येफिमिचच्या बंडीची टर उडवायचा.

तिसरी कोतोए नोनोमुरा. तिचं काम जवाचं. कपाटाएवढ्या एका पेटीत, गुलाबी दिव्याखाली, ती बुटक्या जातीचे जव पिकवायची. आजी-जव आधीच्या तुकडीनं पेरले होते. त्यांचे दाणे पेरून आई-जव झाले. आणि कोतोएनं त्या आयांच्या लोंब्यांतून नाती काढल्या. जमीन कधी न पाहिलेले, मोजून एकतीस दाणे. अकरा महिन्यांचं काम होतं ते. आजवर कुणाला साधलं नव्हतं. वरती तीन पिढ्या जन्मलेला दाणा खाली मातीत रुजतो का, हे पाहायचं होतं. आणि दिव्याचं आयुष्य संपल्यामुळे पेटी बंद झालेली. म्हणजे पुन्हा पेरून बघू, हे म्हणायची सोय नव्हती. ते एकतीस दाणे नऊ दिवसांनी कोतोएबरोबर परतीच्या अवकाशकुपीतून खाली जायचे होते.

लोंब्या भरायला लागल्या तशी कोतोए त्या पेटीपाशीच राहायला गेली म्हणा ना! जेवण तिथे, मोजमाप तिथे. त्या दोन शनिवारी माझी साफसफाई करायची पाळी तिची होती. पहिल्या शनिवारी ती नळी घेऊन निघाली, पेटीपाशी थबकली आणि तिथेच रमली. संध्याकाळी यादीपाशी आली आणि तिनं खूण करून टाकली. दुसऱ्या शनिवारीही तेच. मला वाईट वाटलं. राग नाही आला, कारण तिचं तोंड इतकं आनंदानं फुललेलं असायचं की रागावणार कसं? पण माझ्या अंगावरची गोधडी जाड होत गेली.

सोमवारी सकाळी कोतोए दाणे मोजून पुडीत भरत होती. पुडी पारदर्शक, बोटभर, आणि कुठे जाऊ नये म्हणून तिनं पुडीच्या पाठीला वेल्क्रोची टिकली लावलेली, तुमच्या चपलांच्या पट्ट्यांना असते ना, तसली. नाव लिहायला पेन घ्यायचं होतं म्हणून तिनं पुडी क्षणभर हवेत सोडली. इथे सगळे असंच करतात. हवा म्हणजे आमचं टेबलच.

तेवढ्यात माझ्यावरच्या गोधडीचा एक पुंजका सुटला आणि आत ओढला गेला. माझ्या पाठीशीच धूर ओळखणारं यंत्र आहे. त्याला धूर काय आणि धूळ काय! त्यानं बोंब ठोकली.

भोंगा वाजला की पंखे आपोआप बंद होतात, आगीला वारा मिळू नये म्हणून. सतरा वर्षांत असं मोजून तीनदा झालंय. मला श्वास कोंडल्यासारखं झालं. येफिमिच बाणासारखा आत आला, कोतोएच्या पुढ्यात घुसला, तिला दंडाला धरून ओढत म्हणाला, "चल पोरी, आधी जीव, मग जव!"

"येफिमिच, माझी पुडी..."

"पुडी कुठं पळून जातेय? चल!"

चाळीस मिनिटांनी मुखवटे घातलेली तिघं परत आली. धूर नाही, आग नाही. येफिमिचनं माझं तोंड उघडलं, आतला धुळीचा पुंजका चिमटीत धरला, भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं, तिथल्या दोन खुणांकडे पाहिलं, आणि माझं तोंड पुन्हा लावून टाकलं. पंखे सुरू झाले. मी मोकळा श्वास घेतला.

वेंडेल मात्र गप्प बसतो होय? "धूर कसला, येफिमिच? यंत्राला तुमच्या बंडीचा वास आला असणार! बिचारं सहा महिने सहन करत होतं."

येफिमिच घामानं भिजला होता. "बरं बाबा, जिंकलास!" म्हणत त्यानं बंडी डोक्यावरून ओढून काढली, ती उलटी झाली तशीच गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत कोंबली आणि हात झटकले. वेंडेलनं टाळ्या वाजवल्या.

आणि त्याच वेळी कोतोएच्या लक्षात आलं की पुडी नाही.

"येईल गं," वेंडेल म्हणाला. "सगळं जाळीकडेच येतं. संध्याकाळपर्यंत येईल बघ."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, येईलच की. किती वर्षांनी माझ्याकडे असं आशेनं कुणी पाहिलं होतं!

संध्याकाळी एक शेंगदाणा आला. मंगळवारी एक केस आणि पेनाचं टोपण. बुधवारी काहीच नाही. कोतोए दर तासाला यायची, माझ्या भोकाभोकातून पाहायची आणि परत जायची. मी काय करणार होते? हवेत जे आहे तेच मी ओढू शकते. पुडी हवेत नव्हती, एवढं मला कळत होतं, पण सांगणार कशी? मला स्वतःची लाज वाटायला लागली.

मधे एक गोष्ट मी पाहिली होती. सोमवारी जेवणाच्या आधी, बाकीचे दोघे नसताना, येफिमिच चोरपावलांनी, म्हणजे चोरहातांनी म्हणा, कारण इथे पाय जमिनीला लागतातच कुठे, कचऱ्याच्या पिशवीपाशी आला. बंडी काढली. तशीच उलटी, घट्ट वळकटी केली, तिला रबर लावलं आणि स्वतःच्या झोपायच्या कपाटात सरकवली. मला हसू आलं. आईनं विणलेली वस्तू टाकवते होय कुणाला?

बुधवारी त्यांनी कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या. एकेक मोजा उलटा करून पाहिला. वेंडेल म्हणाला, "येफिमिच, बंडी दिसत नाही ती?"

"असेल तळाशी. तू तुझ्या मोज्यांचं बघ! त्यात पुडी सापडली तर दाणे आधीच मेलेले असतील," येफिमिच पटकन म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवत दुसरीकडे पाहायला लागला.

गुरुवारी कचऱ्याचं यान सुटलं. खिडकीतून ते जळताना एक बारीक रेघ दिसली म्हणे. कोतोए खिडकीपाशी गेली नाही. ती माझ्यासमोर बसली होती, पाय दांडीत अडकवून. "त्यातच गेली असेल का रे?" तिनं विचारलं.

शुक्रवारी रात्रीचं जेवण सगळे एकत्र, इथे माझ्यासमोरच जेवतात, तो इथला रिवाज. येफिमिचनं मांसाचे डबे गरम केले होते. वेंडेलनं मक्याच्या पोळ्या काढल्या, कारण पावाचे कण उडतात. कोतोएनं घरून आलेल्या गोड घेवड्याच्या वड्या वाटल्या आणि स्वतः एकही खाल्ली नाही. मग म्हणाली, "मला एक सांगायचंय. जाळी मी दोन शनिवार झाडली नव्हती. आणि खूण केली होती. धूळ माझी होती. भोंगा माझ्यामुळे वाजला. मी खालीही कळवलंय."

पंखा तेवढा घूं घूं करत होता.

"मला माहीत होतं," येफिमिच म्हणाला. "पुंजका पाहिला तेव्हाच. तू सांगशील याची वाट बघत होतो." त्यानं एक वडी तिच्या तोंडासमोर हवेत सोडली. "खा आता. उपाशी राहून दाणे परत येत नसतात."

कोतोएनं वडी खाल्ली. डोळ्यांतलं पाणी इथे खाली ओघळत नाही, डोळ्यावरच गोळा होऊन बसतं. तिनं ते बाहीनं टिपलं आणि एकदम म्हणाली, "आपण तो सोमवार पुन्हा करू."

"म्हणजे?"

"पंखे बंद करू. तशीच पुडी, तेवढ्याच वजनाची, त्याच जागी सोडते. तुम्ही तसेच या. मग बघू ती कुठे जाते. पाच दिवस शोधतोय, पण नुसतं शोधतोय. प्रयोग कुठे केलाय?"

"अगं बाई, हे आधी का नाही सुचलं!" वेंडेलनं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं, आणि त्या धक्क्यानं स्वतःच गिरकी खाल्ली.

शनिवारी सकाळी जमिनीवरून परवानगी आली. दहा मिनिटं पंखे बंद. पण त्याआधी कोतोएनं काय केलं असेल? ती नळी घेऊन माझ्याकडे आली. आधी माझ्या एकेका भोकावरून नजर फिरवली, काही अडकलंय का पाहिलं, आणि मगच धूळ ओढली. "आधी नजर, मग नळी," ती वेंडेलला म्हणाली. "लक्षात ठेव. मी गेल्यावर हे काम तुझं."

"जी हुजूर," वेंडेल म्हणाला.

मग पंखे थांबले. अशी शांतता पसरली की मला माझेच बोल्ट ऐकू यायला लागले. कोतोए पेटीपाशी, हातात खोटी पुडी. वेंडेल घड्याळ घेऊन. येफिमिच दारात तयार.

"थांबा," कोतोए म्हणाली. "येफिमिच, बंडी?"

"अं?"

"त्या दिवशी अंगात बंडी होती. तुम्ही माझ्या अगदी समोरून घुसलात. हवा वेगळी हलणार. सगळं तसंच हवं. वेंडेलचा एखादा जाड सदरा चढवा त्याऐवजी."

येफिमिच खाकरला. पंखे बंद असल्यामुळे ते खाकरणं थेट दुसऱ्या टोकापर्यंत गेलं असेल. "सदरा कशाला?" तो माझ्याकडे बघत म्हणाला, जणू मीच चहाडी करणार होते. "बंडी आहे."

"आहे?" वेंडेल ओरडला. "यानाबरोबर जळाली ना ती?"

"नाही जळाली."

"पिशवीत तळाशी आहे म्हणालात!"

"खोटं बोललो. झालं समाधान? आईचे हात आहेत त्यात. आता दुसरी विणायला ती नाही." येफिमिचचे कान लाल झाले होते. तो कपाटात गेला, वळकटी घेऊन आला, रबर काढलं, आणि उलटी झालेली बंडी सुलटी करायला आतून हात घालून ओढली.

चर्र!

त्या शांततेत तो आवाज किती मोठा वाटला म्हणून सांगू! वेल्क्रो लोकरीतून सुटल्याचा आवाज. बंडीच्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, ती पुडी अर्धवट चिकटून डुलत होती. कोतोएच्या पुढ्यात तो घुसला तेव्हा पुडी त्याच्या पाठीलाच चिकटली होती. कोतोएनं ती हरवू नये म्हणून जी टिकली लावली, तिनंच तिला पळवलं होतं. आणि मग बंडी उलटी झाली आणि पुडी आत गेली.

वेंडेल हळूच म्हणाला, "येफिमिच, मी त्या बंडीला सहा महिने नावं ठेवली. माझं ऐकलं असतंत तर..."

कोतोए दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. दोन्ही असावं. मग तिनं येफिमिचला वाकून नमस्कार केला, आणि नंतर बंडीलाही केला!

पुडी उघडून तिनं दाणे मोजले. तीस. पुन्हा मोजले. तीसच. ओढताना पुडीचा कोपरा फाटला होता.

"एक मी खाल्लेला नाही हं," येफिमिच घाईनं म्हणाला.

"तीस पुष्कळ आहेत," कोतोए म्हणाली. पण जाईपर्यंत ती रोज सकाळी चहाच्या आधी माझ्याकडे येत राहिली. जुन्या दिवसांसारखी. परतीच्या दिवशीही आली, माझ्यावरून तळवा फिरवला आणि तीस दाणे घेऊन खाली गेली.

आता इथून पुढचं थोडंच आहे. कोतोए गेल्याला पाच आठवडे झाले होते. शनिवार होता. वेंडेल नळी घेऊन आला. खरं सांगू, त्याच्यावर माझा विशेष भरवसा नव्हता. पण तो थांबला. नळी काखेत धरली आणि माझ्या एकेका भोकावरून नजर फिरवायला लागला. वरच्या कोपऱ्यात, दोन धाग्यांमधे, गुरफटलेलं काहीतरी बारीक होतं. पहाटेच आलं होतं. मला माहीत होतं. मी त्याला जीव मुठीत धरून सांभाळत होते. नळी आधी आली असती तर संपलंच होतं.

"येफिमिच!" वेंडेल एवढ्यानं ओरडला की मला वाटलं पुन्हा भोंगा वाजतो की काय. "नात आली! एकतिसावी नात आली!"

त्यांनी खाली फोन लावला. इतके महिने तरंगल्यामुळे कोतोए अजून काठी घेऊन चालायला शिकत होती. ती म्हणाली, खालचे तिचे तीस दाणे ओल्या मातीत आहेत आणि त्यांतले सव्वीस उगवलेत. मग म्हणाली, "या एकीला खाली पाठवू नका. तिथेच पेरा. तिचं घर तेच आहे."

पेटी तर बंद. वेंडेलनं पाण्याच्या रिकाम्या पिशवीत ओला कापूस घातला आणि ती खोलीतल्या दिव्याजवळ, माझ्या शेजारी बांधली, कारण वारा तिथे चांगला. कापूस पिशवीत हलू नये म्हणून येफिमिचनं बंडीच्या कडेची लोकर थोडी उसवून दिली. कुणी मागितली नव्हती. आठव्या दिवशी कोंब आला. आज तो बोटभर उंच आहे आणि माझ्या हवेनं हलतो. तिसरी पिढी आहे ती, मित्रांनो. मी तिची कोण लागते, मला ठाऊक नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जाळी असेल. पंख्यामागची, खिडकीची, मोरीच्या तोंडावरची. ती काही बोलत नाही. तुम्ही झाडली नाहीत आणि झाडली म्हणून सांगितलंत, तरी ती कुणाला सांगायला जाणार नाही. आठवड्यातून एकदा तिच्यापाशी जा. आधी नजर, मग नळी. आणि घरातलं कुणी एखादी जुनी, मळकी वस्तू टाकायला तयार होत नसेल, तर त्यांना फार हसू नका.

आज पुन्हा शनिवार आहे. येफिमिच नळी घेऊन इकडेच येतोय. अंगात बंडी आहे, आणि वेंडेल नाक दाबून मागून येतोय, पण बोलत काही नाही.